दुसऱ्या पानावरचे अलार्म

४ जानेवारी

विद्वान भाच्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू "हो आत्या, बरोबर आत्या" म्हणतोस आणि ठेवल्या ठेवल्या विसरतोस. तू वसतिगृहात होतास तेव्हापासून आपली पत्रांची सवय आहे. कागद निदान घडी घालून कुठेतरी ठेवावा लागतो.

तर ऐक. आमच्या रसायन कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये नवीन स्क्रीन आल्या आहेत. चार. माझ्या घरातल्या खिडक्यांपेक्षा मोठ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एका कंपनीचं नाव आहे. चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझीच कंपनी. कारखाने चालवायचं सॉफ्टवेअर माझा मुलगा बनवतो म्हणून तुझा बाबा गावभर ज्याचा टेंभा मिरवतो, तेच हे.

तुझं सॉफ्टवेअर काय करतं ते सांगते. कारखान्यात कुठे काही हललं की स्क्रीनवर एक लाल ओळ येते आणि हूटर वाजतो. रिअ‍ॅक्टर तापला, लाल ओळ. भांडाराचं दार उघडं राहिलं, लाल ओळ आणि तोच हूटर. काल माझ्या आठ तासांच्या शिफ्टमध्ये एक हजार नऊशे चाळीस ओळी आल्या. मी मोजत बसले नाही, स्क्रीन स्वतःच मोजते आणि शिफ्ट संपताना कौतुकाने सांगते. म्हणजे मिनिटाला चार. यात कारखाना कोणत्या मिनिटाला चालवायचा, तेही तिनेच सांगावं.

माझ्या ऑपरेटरांनी हूटरमध्ये पुठ्ठा कोंबलाय. मी पाहिलं आणि गप्प बसले. अठ्ठावीस वर्षांत असं कधी खपवून घेतलं नव्हतं. जुन्या पॅनेलवर छत्तीस दिवे होते. एक पेटला की माणूस उठून चालायला लागायचा. आता कोणी मानही वर करत नाही.

सगळंच लाल करायची ही अक्कल कोणाची, एवढं कळव.

आत्या


१५ जानेवारी

आत्यास नमस्कार.

अक्कल तुमच्याच कारखान्याची. आम्ही कोरी वही देतो, आत काय लिहायचं ते घेणारा ठरवतो. तुमच्या प्रत्येक विभागाकडून यादी मागवली होती. प्रत्येकाने आपलं सगळं "अति महत्त्वाचं" म्हणून पाठवलं. भांडाराच्या दाराला लाल रंग भांडारवाल्याने मागितलाय, त्याची सही आहे माझ्याकडे.

आता तुमची बाजू. तुमच्या नोंदी आमच्याकडे येतात आणि मी त्या वाचतो. अलार्म आल्यावर "पाहिला" हे बटण दाबायला तुमच्या कंट्रोल रूममध्ये सरासरी दीड सेकंद लागतो. मी घड्याळ लावून बघितलं, तेवढ्यात ती ओळ वाचूनही होत नाही. आणि एका फटक्यात सगळी यादी गिळणारं ते "सगळे पाहिले" बटण तुम्ही एका शिफ्टमध्ये दोनशे वेळा दाबता. आत्या, माकडाला बसवलं तरी एवढं काम होईल. त्याला पगारही लागणार नाही.

एक बातमी. तुमच्या कारखान्याचं हे काम माझ्याकडेच आलंय. फालतू अलार्म गाळून टाकणारी एक चाळणी मी लिहितोय. तुमचे नवे मोठे साहेब फार उत्साही आहेत. सहा आठवड्यांत अलार्म ऐंशी टक्के कमी झालेले त्यांना आलेखावर दिसायला हवेत. दिसतील.

तुझा विद्वान


१० फेब्रुवारी

विद्वान,

माकडाचं पत्र आलं असं समज.

तुझ्या उत्साही साहेबांना आम्ही आलेखसाहेब म्हणतो. त्यांची चार दिवस मीटिंग चालली, कोणते अलार्म ठेवायचे आणि कोणते उडवायचे यावर. अकरा माणसं होती. त्यांतल्या एकानेही आयुष्यात व्हॉल्व्ह फिरवलेला नाही. कंट्रोल रूममधून मला बोलावलं, तेही शेवटच्या दिवशी शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि दारात उभं राहूनच उत्तरं दिली, कारण खुर्च्या अकराच होत्या.

मी एकच मागणं मागितलं. सहा नंबरच्या टाकीत आम्ही गरम कॉस्टिक ठेवतो. अंगावर पडलं तर कातडी सोलून निघते. त्या टाकीची पातळी वाढली की वाजणारा अलार्म ठेवा म्हटलं. आलेखसाहेब म्हणाले, "मॅडम, तो दिवसातून साठ वेळा वाजतो. एवढ्या वेळा टाकी भरते का?"

"टाकी भरत नाही. सेन्सर सडलाय. दोन वर्षांत सात चिठ्ठ्या दिल्या आहेत मेंटेनन्सला."

"मग सेन्सर बदलेपर्यंत हा अलार्म चाळणीत जाऊ दे."

सगळ्यांनी माना हलवल्या. जो जास्त बोलतो त्याचं ऐकायचं नाही, हा तुझा नियम का रे? मग तुझ्या बाबाला लहानपणीच चाळणीत टाकायला हवं होतं.

आपला फिटर तुला आठवतो ना? तुझी सायकल दुरुस्त करायचा तो, उंच. त्या टाक्यांवर रोज चढणारा तो एकटा. त्याला मीटिंगचं सांगितलं तर म्हणाला, "मला बोलावलं नाही ते बरं झालं. त्या खोलीत एसी फार असतो."

आत्या


२२ फेब्रुवारी

आत्यास,

तू रागावलीस म्हणून नियम चुकीचा ठरत नाही. जो अलार्म दिवसातून पन्नास वेळा वाजतो आणि आपोआप थांबतो, तो माहिती देत नाही, डोकं उठवतो. असा अलार्म माझी चाळणी मुख्य पानावरून उचलते आणि दुसऱ्या पानावर ठेवते. पुसत नाही, ठेवते. प्रत्येक शिफ्टमध्ये शिफ्ट इनचार्जने, म्हणजे तुझ्या शिफ्टमध्ये तू, ते दुसरं पान एकदा उघडायचं आणि काय लपलंय ते बघायचं. शिवाय सहा नंबरच्या टाकीला वर आणखी एक स्वतंत्र स्विच आहे, अगदी काठोकाठ भरायच्या आधी वाजणारा. तो चाळणीत जाणार नाही, मी स्वतः वगळलाय. तेव्हा तुझं कॉस्टिक सुरक्षित आहे.

हे जगभर असंच करतात. तुम्हाला मात्र जगात काय चाललंय हे सांगायला लागलं की आम्ही नाकाने कांदे सोलतो असं वाटतं.

फिटरकाकांना नमस्कार सांग. सायकल अजून आहे.

विद्वान


१८ मार्च

विद्वान,

खोटं कशाला लिहू. बरं वाटतंय. काल शिफ्टमध्ये दोनशे दहा अलार्म आले. हूटरमधला पुठ्ठा मीच काढला. दुपारी एकदा इतकी शांतता झाली की माझा एक ऑपरेटर उठून मशीन बंद पडलं का ते बघून आला.

आलेखसाहेबांनी भिंतीवर आलेख लावलाय. घसरगुंडीसारखा आहे. त्याच्यापुढे उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. आम्हाला फोटोत घेतलं नाही, पण प्रत्येकाला एकेक पेन दिलं. ते चालत नाही.

तुझं ते दुसरं पान काही मला सापडलं नाही. मी आणि दोन ऑपरेटरांनी सगळी बटणं दाबून पाहिली. कुठे दडवून ठेवलंयस ते कळव. तुझी मुख्य स्क्रीन छान आहे, हे मात्र एकदाच लिहिते आणि परत लिहिणार नाही.

आत्या


२ एप्रिल

आत्यास,

तुझ्याकडून "छान" हा शब्द आला, मी कापून टेबलावर लावलाय.

पानाचं म्हणशील तर मांडणीत शेवटी थोडे बदल झाले. सविस्तर नंतर कळवतो. सध्या आणखी दोन कारखान्यांचं काम अंगावर आहे, तुमचा आलेख बघून त्यांनी मागितलंय.

विद्वान


२६ एप्रिल

आत्या,

बाबाकडून कळलं. तू फोन उचलत नाहीस, बाबाला धड काही सांगता येत नाही. तू बरी आहेस ना? फिटरकाका कसे आहेत? दोन ओळी तरी लिही.


३ मे

भाच्या,

मी बरी आहे. मला काय धाड भरलीय. मी एसीत बसले होते.

एकोणीस तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला सहा नंबरची टाकी भरून वाहिली. पाच नंबरच्या टाकीतून तिच्यात कॉस्टिक घेत होतो. मधला व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला नाही. शेजारच्या टाकीखाली फिटर वाकून गळती बघत होता. डावा हात कोपराच्या वरपर्यंत, मान आणि पाठीचा थोडा भाग. त्याच्या अंगावर पाण्याचा पाइप धरायला गेलेल्या माणसाचे पायही भाजले. फिटर ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "डोळे राहिले ना माझे?" डोळे राहिले.

चौकशी समिती बसली आहे. तीन माणसं, तीन बाटल्या पाणी. त्यांनी आलेखसाहेबांना विचारलं, पातळीचा अलार्म का वाजला नाही? साहेब म्हणाले, वाजला होता, लपवलेल्या यादीत होता, आणि प्रत्येक शिफ्टमध्ये ते दुसरं पान तपासायची जबाबदारी शिफ्ट इनचार्जची. लेखी सूचना आहे. सूचना खरंच आहे, माझी सही घेतली होती. मी विचारलं, ते पान कुठे आहे ते मला आत्ता स्क्रीनवर दाखवा. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, विषयांतर नको."

मला घरी बसवलंय. निलंबन म्हणतात त्याला. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना.

समितीला मी सांगितलं, मुख्य स्क्रीनवर त्या टाकीबद्दल काहीच आलं नाही. तुला एकच विचारते. आमच्या स्क्रीनवर दुसरं पान होतं का नव्हतं?

आत्या


११ मे

आत्यास नमस्कार.

तुझी काळजी वाटते. तपास चालू असल्यामुळे प्रणालीच्या रचनेबद्दल मला लेखी काही कळवता येणार नाही, असं आमच्या कायदा विभागाने सांगितलं आहे. योग्य ती माहिती योग्य त्या मार्गाने समितीपर्यंत पोहोचेल. तू तब्येतीला जप. काही हवं असल्यास निःसंकोच कळव.

तुझा भाचा


१५ मे

कायदा विभागास,

आपलं पत्र मिळालं. आमचा एक भाचा आपल्याकडे कामाला आहे. सातवीत त्याने शेजाऱ्यांची काच फोडली होती, तेव्हा मार खायची तयारी ठेवून स्वतः जाऊन सांगून आला होता. तो सापडल्यास त्याला आमच्याकडे पाठवून द्यावं. आपण पुन्हा लिहू नये.


२४ मे

आत्या,

नव्हतं.

दुसरं पान मी बनवलं होतं. तीन आठवडे खपून. चालू करायच्या दोन दिवस आधी आलेखसाहेबांनी मेल केला की ऑपरेटरांच्या स्क्रीनवरून ते काढा, कारण त्या पानावर लपलेल्या अलार्मची संख्या मोठ्या अक्षरांत दिसते आणि मोठ्या लोकांच्या भेटीत ते बरं दिसणार नाही. ते पान त्यांनी फक्त स्वतःच्या केबिनमधल्या संगणकावर ठेवायला सांगितलं. मी उलट एक ओळ लिहिली, की हे सुरक्षित नाही. त्यांनी लिहिलं, "सेन्सर पुढच्या महिन्यात बदलतोय, तात्पुरतं करा." मी केलं. तू मार्चमध्ये विचारलंस तेव्हा मी टाळलं. दोन नवे कारखाने हातातून जातील, अशी भीती वाटली. एवढंच कारण होतं, आणि ते लिहिताना मला माझीच किळस येतेय.

आता दुसरं. समितीने आमच्याकडून त्या दिवशीची पूर्ण नोंद मागवली आहे. ती काढायचं काम माझं. माझा बॉस म्हणाला, नोंद द्या, मेल देऊ नका, मेल हा आपला आणि साहेबांचा अंतर्गत व्यवहार.

नोंद मी वाचली. आत्या, टाकीवरचा तो दुसरा स्विच वाजला होता. दहा वाजून बावन्न मिनिटं. मुख्य स्क्रीनवर, लाल, हूटरसह. त्याच मिनिटाला पॅकिंगची वीज गेली होती आणि तिथले अकरा अलार्म एकदम आले होते. टाकीची ओळ त्यांच्या मधोमध आहे. दोन सेकंदांनी तुझ्या खुर्चीवरून "सगळे पाहिले" दाबलंय. तुझ्या नावाने लॉगिन आहे. टाकी वाहिली ती दहा अठ्ठावन्नला.

सहा मिनिटं होती.

ही ओळ अजून माझ्याशिवाय कोणी पाहिलेली नाही. हजारो ओळींतली एक आहे. मी ती गाळून नोंद दिली तर कोणाला कळणार नाही, आणि मेल मी निनावी पाठवू शकतो. मग सगळं साहेबांवर जाईल, जे त्यांनी केलंच आहे. तू सांगशील तसं करतो.

तुझा भाचा


१९ जून

भाच्या,

जवळजवळ महिना लावला, कारण पहिले आठ दिवस मी तुझ्या सांगण्याला हो म्हणणारं पत्र लिहीत होते. चांगलं लिहिलं होतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, सडका सेन्सर, सात चिठ्ठ्या, अकरा खुर्च्या, सगळं आलं होतं त्यात. एकच गोष्ट येत नव्हती.

मला ते बटण दाबल्याचं आठवतं. समितीपुढे काहीच आलं नाही म्हणाले तेव्हाही आठवत होतं. पॅकिंगची वीज गेली की काय येतं ते मला पाठ आहे, म्हणून मी बघितलंच नाही. तू माकड म्हणालास तेव्हा मी महिनाभर तुझ्यावर धुमसत होते. आणि मग बरोबर तेच केलं.

ते पत्र फाडलं आणि फिटरकडे गेले. तो आता घरी आहे. खिडकीशी खाट, हाताला जाळीचं बँडेज, शेजारी रेडिओ, तोही बंद. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि आत निघून गेली. मी सगळं सांगितलं. तुझं पान, साहेबांचा मेल, माझं बटण. तो ऐकत होता. मग म्हणाला,

"दुसरा स्विच वाजला होता?"

"हो."

"तो मीच बसवला होता. चार वर्षांपूर्वी. दर महिन्याला वर चढून तपासायचो. कामाला येईल म्हणून."

मी चहावरची साय बाजूला केली.

"तू इथे कशाला आलीस?" त्याने विचारलं. "जाऊ दे म्हणावं म्हणून?"

"नाही."

"बरं. कारण मी म्हणणार नाही. चहा पी. निवेल."

मी चहा घेतला. निघताना तो म्हणाला, "त्या पोराला सांग, एकाची चूक दाखवून दुसऱ्याची झाकायची असेल तर दोघांनी मिळून माझ्या हातावर अजून थोडं ओता."

तेव्हा दोन्ही पाठव. मेल तुझ्या नावाने, नोंद पूर्ण. मला वाचवायला निघालेला विद्वान मला नको. मी उद्या समितीला माझा जबाब बदलून देते आहे. तुझ्या आधी माझा पोहोचला तर बरं दिसेल. एवढा मोठेपणा माझ्याकडे राहू दे.

आत्या


७ जुलै

आत्या,

दोन्ही दिलं. मेल छापून, खाली माझी सही करून, मीच समितीपुढे नेऊन ठेवला. मला दारात उभं केलं नाही, खुर्ची दिली. विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, भ्यालो होतो. त्यांनी ते तसंच टिपून घेतलं. विषयांतर नको म्हणणारे गृहस्थही होते. त्यांनी माझ्यासमोर तुमच्या कंट्रोल रूमची स्क्रीन मागवली आणि स्वतः एकेक बटण दाबत दुसरं पान शोधलं. दहा मिनिटं. मग चष्मा काढून बसून राहिले.

परत आलो तर माझ्या टेबलावरचा संगणक उचललेला होता. नोकरी ठेवली आहे, काम काढून घेतलंय. आता मी वापरण्याच्या पुस्तिका लिहितो. पान दोन, यंत्र चालू कसे करावे. बॉस लिफ्टमध्ये भेटला की आकड्यांकडे बघतो. बाबा म्हणाला, "तुला काय गरज होती?" मी म्हटलं, आत्याला विचार. तो म्हणाला, तिला विचारायची हिंमत असती तर तुला कशाला विचारलं असतं.

फिटरकाकांना भेटायला यायचं आहे. काय तोंडाने येऊ ते कळत नाही.

तुझा भाचा


२० सप्टेंबर

भाच्या,

अहवाल आला. बेचाळीस पानं. माझ्यावर ठपका आहे, तुझ्यावर आहे, तुझ्या कंपनीवर आहे. आलेखसाहेबांबद्दल "समन्वयाचा अभाव" असं लिहिलंय. त्यांची बदली झाली, वरच्या जागेवर. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, या घटनेने आपल्याला खूप शिकवलं. समोर बसलेल्यांपैकी एकाच्या पायाला अजून पट्टी होती. भिंतीवरचा आलेख ते बरोबर घेऊन गेले. सेन्सर बदलला. वीस मिनिटं लागली.

मला परत घेतलं, पण खुर्ची गेली. शिफ्ट सांभाळायची नाही. एक टेबल दिलंय, आणि एक काम: अलार्मची सगळी यादी पहिल्यापासून तपासायची. चार हजार शंभर ओळी. मी म्हटलं, एकटीने करणार नाही, माणूस निवडून द्या. कोण हवा विचारलं, मी फिटरचं नाव दिलं. त्याची दोन बोटं मिटत नाहीत. पाना धरता येत नाही, त्यामुळे त्यालाही कुठेतरी बसवायचंच होतं. तो येणार नाही अशी माझी खात्री होती. पहिल्या दिवशी साडेनऊला आला. एसी बंद करायला लावला, मग बसला.

मी ओळ वाचते. तो विचारतो, "हे वाजलं तर माणसाने करायचं काय?" करायचं काही असलं तर मी समोर लिहिते. नसलं तर ओळ खोडतो. पहिल्या दिवशी साठांपैकी एकेचाळीस खोडल्या. त्यांतल्या कित्येक मी वर्षानुवर्षं दाबत आले होते. त्याचं म्हणणं, यंत्राला उगाच बोलायला लावलं की माणूस बहिरा होतो, आणि मग दोष यंत्राला देतो. हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी वही उलटली.

काही ओळी आमच्या दोघांच्या डोक्याबाहेरच्या आहेत. सॉफ्टवेअरच्या पोटातल्या. तिथे लिहिणारा लागतो. तेव्हा पुस्तिका बाजूला ठेव, आठवडाभराची रजा काढ आणि ये. काय तोंडाने येऊ विचारतोस, आहे त्याच तोंडाने ये, फक्त ते बंद ठेव. फिटरला सांगितलंय. तो म्हणाला, "येऊ दे. खुर्ची लागेल एक."

त्याने मला माफ केलं का, हे तू नक्की विचारशील. तो विषय आमच्यात निघत नाही. डाव्या हातात त्याला कप धरता येत नाही. मी बघते आणि मी बघतेय हे तो बघतो. मग चहा संपला की चष्मा नाकावर ढकलतो आणि म्हणतो, "पुढची वाच."

आत्या